मोडायचा राहिलेला पूल

मी एक पूल बोलतोय. माझ्याखालून कधी पाणी वाहिलं नाही आणि माझ्यावरून एखाद्या मुंगीपलीकडे कोणी चालत गेलं नाही. आइस्क्रीमच्या सपाट काड्या आणि पांढरा डिंक, एवढंच माझं शरीर. लांबी हातभर, उंची वीतभर. तरी ज्यांनी मला केलं त्यांनी मला कधी खेळणं म्हटलं नाही.

माझा जन्म अभियांत्रिकीच्या एका विद्यापीठात झाला, वर्कशॉपच्या मागच्या टेबलावर. या विद्यापीठात दर वर्षी विद्यार्थ्यांचा एक सप्ताह असतो. सकाळी बाहेरच्या पाहुण्यांची व्याख्यानं, दुपारी स्पर्धा. त्यातली सगळ्यात जास्त आरडाओरड्याची स्पर्धा आम्हा पुलांची. मोठ्या हॉलच्या मंचावर दोन टेबलं थोडं अंतर सोडून मांडतात, मध्ये पूल ठेवतात, पुलाला बादली टांगतात आणि बादलीत वाटीने वाळू ओतत जातात. पूल मोडेपर्यंत. जिंकलेला पूलही मोडेपर्यंत. इथे कोणताच पूल शाबूत घरी जात नाही.

दोन रिवाज मात्र कडक आहेत. एक, ज्याने पूल केला त्यानेच वाळू ओतायची. आपलं काम आपल्याच हाताने मोडायचं. दुसरा, वाळू ओतण्याआधी आपला पूल कुठे मोडेल असं वाटतं, त्या सांध्याला लाल दोरा बांधायचा. पूल बरोबर तिथेच मोडला तर त्या मुलांना विजेत्यांपेक्षाही मोठ्या टाळ्या मिळतात. आपलं दुबळेपण नेमकं कुठे आहे हे ओळखणाऱ्याला इतक्या टाळ्या मी माणसांत दुसरीकडे कुठे मिळाल्याचं ऐकलेलं नाही.

मला केलं दोघांनी. एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी उंच, सडपातळ, पाठ कायम ताठ, आणि हातात कायम मोजपट्टी. म्हणून सगळा वर्ग तिला पट्टी म्हणायचा. मुलाची बोटं सतत डिंकाने बरबटलेली, म्हणून तो डिंक्या.

"अरे, किती डिंक लावतोस? पूल करतोयस की खीर?" पट्टी ओरडायची.

"जास्त लावला तर बिघडतं कुठे?"

"वजन वाढतं. आणि सांधा कमजोर असला तरी दिसत नाही. मला तो दिसायला हवाय."

मी जन्मण्याआधीची एक गोष्ट डिंक्या सगळ्यांना सांगायचा. त्या वर्षी एक म्हातारे इंजिनिअर व्याख्यानाला आले होते. आयुष्यभर पूल बांधलेले. हॉलमध्ये निम्मी मुलं पेंगत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर पट्टी उभी राहिली.

"सर, तुमचा एखादा पूल पडला का?"

हॉल एकदम जागा झाला. प्राध्यापक मंडळींनी माना खाली घातल्या. म्हातारे थोडं थांबून म्हणाले, "एक पडला. त्यावर तेव्हा फक्त एक कुत्रं होतं. ते पोहून बाहेर आलं आणि माझ्याकडे बघून जे भुंकलं, तसं मला आजवर कोणी बोललेलं नाही."

सगळे हसले. म्हातारे हसले नाहीत, आणि पट्टीही हसली नाही, असं डिंक्या सांगायचा. त्यानंतर आठवड्याने तिने माझं पहिलं चित्र काढलं.

मी बघता बघता पूर्ण झालो. माझ्या एका खांबावर डिंक ओला असताना पट्टीचा अंगठा टेकला होता. त्याच्या रेषा तिथे वाळून राहिल्या आहेत. आता फक्त लाल दोरा बांधायचा उरला होता. त्यावरून दोघांचं जुंपलं. डिंक्या म्हणे मधोमध मोडणार. पट्टी म्हणे, मला ठाऊक आहे कुठे ते, पण आत्ता सांगणार नाही, स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांसमोर बांधेन. तो चिडला, ती हसली आणि दोरा खिशात घालून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी आली नाही. ताप आहे म्हणाले. मग दवाखान्यात ठेवलंय म्हणाले. मी कपाटात होतो, मला बोलणं तेवढं ऐकू यायचं. एक दिवस वर्कशॉपमध्ये मुलं आली, पण कोणी मशिन सुरू केलं नाही. डिंक्याने कपाट उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. मला तेवढ्याने कळलं.

त्या वर्षी सगळे पूल मोडले, मी सोडून. कोणी तसा ठराव केला नाही. माझं नाव पुकारायची वेळ आली तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने पुढचं नाव घेतलं, एवढंच.

मग मुलांनी ठरवलं, मला जपायचं. जाड काचेची पेटी केली. कडा चिकटवल्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या, हॉलच्या मोठ्या दारापाशी भिंतीत घट्ट बसवली. भूकंप आला तरी हलणार नाही, असं अभिमानाने म्हणाले. सगळं झाल्यावर एकाच्या लक्षात आलं की पेटीला दारच ठेवलेलं नाही. हिशेब सगळे बरोबर. आत जायला वाट नाही. वर्कशॉपचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "राहू द्या आता." त्या दिवसापासून माझ्या अंगावरची धूळ कोणाला पुसता आली नाही.

पेटीत मी फार वर्षं काढली. दारापाशी असल्यामुळे व्याख्यानं सगळी ऐकली. थोडक्यात सांगतो म्हणणारा कधीच थोडक्यात सांगत नाही, हे मी शिकलो. मंचावर जायच्या आधी मोठेमोठे पाहुणे माझ्या काचेत पाहून केस सारखे करतात; मागे पूल आहे हे त्यांना दिसतही नाही.

पट्टीच्या नावाने दर वर्षी एक व्याख्यान होऊ लागलं. त्याला तिची आई यायची. ती दवाखान्यात नर्स होती. काँक्रीट, कंपनं, वाऱ्याचा दाब, असल्या विषयांवर ती पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकायची. जाताना पेटीपाशी उभी राहायची. अंगठ्याचा ठसा आहे त्या बाजूची काच पुसायची. धूळ आतून होती, पण ती पुसायची.

नवी मुलं येत गेली. त्यांच्यासाठी पट्टी म्हणजे काचेखालचं एक नाव. एकदा दोघंजण माझ्यासमोर उभे होते.

"हा भारी असणार, म्हणून ठेवलाय."

"कशावरून? कधी वाळू ओतलीच नाही म्हणे याच्या बादलीत."

"मग भारी की भिकार, कळणार कसं?"

"नाहीच कळणार."

ते सहज बोलून आत गेले. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लाजलो. माझ्याबरोबरचे पूल मोडून, मोजून, कचऱ्यात जाऊन मोकळे झाले होते. त्यांचं काय होतं ते सगळ्यांना कळलं होतं. मी मान घेऊन बसलो होतो, आणि तो कमावलेला नव्हता.

डिंक्या शिकून बाहेर गेला आणि काही वर्षांनी इथेच शिकवायला आला. आता त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले आहेत, आणि मुलं त्याला सर म्हणतात. हॉलमध्ये तो नेहमी बाजूच्या दाराने यायचा. मोठ्या दाराने येताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

या वर्षी हॉलची डागडुजी निघाली. भिंत फोडायची म्हणून पेटी काढायला गेले, ती निघेना. शेवटी काच कापावी लागली. कितीतरी वर्षांनी मला हवा लागली. डिंक्याने मला दोन्ही हातांनी उचलून आपल्या खोलीत नेलं, मऊ ब्रशने धूळ झटकली आणि पट्टीच्या आईला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशी आली. आता निवृत्त झाली आहे. गुडघे धरून बसली.

"काकू, तुम्ही घरी न्याल का हा? नाहीतर मी नवी पेटी करून घेतो. या वेळी दार ठेवू."

"म्हणजे दार विसरला होतात? मला इतकी वर्षं वाटत होतं, मुद्दामच ठेवलं नाही."

दोघंही हसले. मग तिने माझ्यावरून बोट फिरवलं आणि त्या अंगठ्याच्या ठशावर ते थांबलं.

"घरी नको रे. घरी तिच्या चपला आहेत, कपाट आहे, पुस्तकं आहेत. मी रोज पुसते, कशाला हात लावू देत नाही. तिच्या बाबांनी एकदा चुकून तिचा टॉवेल वापरला, तर मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. गेले बिचारे, तोपर्यंत त्या टॉवेलला घाबरत होते." ती थांबली. "हा कशासाठी केला होता तिने?"

डिंक्या खाली बघत म्हणाला, "मोडायला."

"मग?"

"काकू, तिचा हात आहे याच्यात."

"म्हणून तर विचारतेय. तिची एक तरी वस्तू तिला हवी तशी होऊ दे."

"माझ्याने नाही व्हायचं. मला बघवणार नाही."

"मला बघायचंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती गेली तेव्हा मी त्याच दवाखान्यात होते, वरच्या मजल्यावर. दुसऱ्याच्या मुलाला सलाईन लावत होते. निरोप आला, मी जिने उतरून खाली आले, तोवर झालं होतं. तू नको ओतूस. मी ओतते."

"ज्याने केला त्यानेच ओतायची असा रिवाज आहे."

"आणि तिला कोणी केलं? तुझ्या सरांनी?"

डिंक्याला हसू आलं, आणि मग बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला.

हे परवाचं. आज पट्टीच्या नावाचं व्याख्यान झालं आणि कोणी उठून गेलं नाही. मंचावर दोन टेबलं मांडली आहेत, मध्ये मी आहे. डिंक्याने लाल दोऱ्याचा तुकडा पुढे केला. "तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, काकू. तुम्ही बांधता?"

"राहू दे," ती म्हणाली. "तिला सांगायचं होतं ते आपण नको सांगायला."

तिने पहिली वाटी ओतली. माझ्या सगळ्या काड्या एकदम जाग्या झाल्या. इतकी वर्षं मी नुसता आकार होतो; आज पहिल्यांदा माझी प्रत्येक काडी दुसरीला धरून आहे. अंगातून एक बारीक कुरकुर गेली.

काकूंनी वळून हॉलकडे पाहिलं. "तुम्ही गप्प का? ती म्हणायची, इथे फार ओरडतात."

मागून एक मुलगी घाबरत म्हणाली, "टाका!" मग आणखी कोणीतरी. मग सगळा हॉल. "टाका, काकू, टाका!" बादली निम्मी झाली, निम्म्याच्या वर गेली. डिंक्या मधोमध डोळे लावून बसला होता. मी मधोमध मोडलो नाही. त्याच्या तोंडून नकळत निघालं, "बाई गं, तुझंच खरं की."

आता काकू थांबल्या आहेत. हात भरून आला म्हणाल्या, चहा मिळेल का विचारलं. मुलं हसली आणि धावली. खुर्ची माझ्याशेजारी ओढून त्या बसल्या आहेत, कप दोन्ही हातांत धरून.

डिंक्या हळूच म्हणाला, "काकू, एवढ्या वजनाखाली ठेवला तर ओतण्याआधीच आपोआप जाईल हा."

"जाऊ दे. मी इथे आहे."

माझ्या डाव्या बाजूला एक सांधा सैल होतोय. पट्टीला हाच ठाऊक होता का, ते आता कोणालाच कळणार नाही. लाजलो त्या दिवसापासून मला मोडायची घाई होती; आता नाही. खांबावर तिचा अंगठा आहे आणि शेजारी तिची आई.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात कोणाची एखादी वस्तू जपून ठेवली असेल, तर ती ज्यासाठी केली होती त्या कामाला एकदा तरी लावा. ती झिजेल, कदाचित मोडेल. ती काय होती ते तिचं तिला कळू दे.

आता मला निरोप द्या. काकूंनी कप खाली ठेवला आहे. हात पुसून त्यांनी वाटी उचलली आहे.