पावलांचा कानोसा

…बारीक, न थांबणारी शिट्टी ड्रॉवरमधूनच येत होती. तिने रुमालांखाली हात घातला तर बाबांचं कानातलं यंत्र हाताला लागलं. शेंगदाण्याएवढं, आणि अजून चालूच. ज्या कानासाठी आणलं होतं तो कान कधीच निजला, आणि हे आपलं बोंबलतंय. नखाने तिने बॅटरी काढली. शिट्टी थांबली, पण मागे जे उरलं त्याला शांतता म्हणवेना.

संध्याकाळी शोकसभा होती. कारखान्यातली जुनी माणसं येणार होती आणि दादाने परस्पर सांगून टाकलं होतं, धाकटी चार शब्द बोलेल. चार शब्द… कुठले? ‘वत्सल पिता, प्रेमळ आजोबा’ हे फलकावर आधीच रंगवून झालं होतं. त्यातलं आजोबांचं तिला बिनतक्रार मान्य होतं. पित्यापाशी मात्र ती सकाळपासून अडखळत होती.

पत्रे कापणाऱ्या प्रेसवर बाबांची उभी हयात गेली. दर दणक्यासरशी कान थोडा थोडा मरत गेला असणार, पण घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांना वाटायचं, माणूस मुळातच अबोल. शाळेतलं काहीबाही सांगत ती त्यांच्या मागे मागे फिरायची आणि ते ‘हं’ म्हणायचे, भलत्याच ठिकाणी. एकदा ती रडत रडत सांगत होती तेव्हा ते हसले… त्यानंतर तिने सांगणंच सोडलं. आई गेली तेव्हाही दोघं समोरासमोर बसून राहिली, दोन भिंतींसारखी. आणि संसार मोडून, तान्ही पोर कडेवर घेऊन ती परत आली तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही. कपाटातला आपला कप्पा रिकामा केला आणि स्वतःचे कपडे दारामागे टांगले, ते कायमचे.

पण त्या पोरीपुढे हा माणूस काय काय झाला! घोडा झाला, गिऱ्हाईक झाला, हाडं मोडलेला रोगी होऊन तासन्‌तास पडून राहिला. लोखंड हाताळून राठ झालेली बोटं वेण्या घालायला शिकली. नात नुसते ओठ हलवायची आणि यांना सगळं उमगायचं. दाराशी उभी राहून ती दोघांना बघायची, भरून यायचं, आणि त्या भरून येण्याच्या तळाशी काहीतरी आंबट… पोटच्या पोरीचा हेवा – सांगणार कुणाला? माझ्या वेळी कुठे होता तुम्ही, बाबा? प्रेसवर. माहीत आहे मला. माहीत असून काय उपयोग…

“आई, काय बोलायचं ते ठरलं का?” लेक आत आली होती, आजोबांचा ढगळ स्वेटर घालून.

“तूच बोल. तुला ते जास्त माहीत आहेत.” आवाज वाटला होता त्याहून कोरडा निघाला.

लेक थोडा वेळ स्वेटरची बाही ओढत राहिली. “मला तर ते तुझंच सांगायचे.”

“माझं काय?”

“तू कामावरून आलीस की त्यांना आधीच कळायचं. यंत्र काढून ठेवलेलं असलं तरी. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाले, फरशीतून. प्रेस बिघडायला लागली की तळपायांना कळायचं ना, तसं. दुसऱ्या कुणाचं पाऊल ओळखू येत नाही म्हणाले, तुझं लहानपणापासून पाठ आहे. दमून आलीस की भांडून, तेसुद्धा. मग उठून चहा टाकायचे.”

चहा… आल्या आल्या समोर येणारा तो कप. ती त्याला म्हाताऱ्याचं चहाचं खूळ समजत आली होती, कधीकधी करवादलीही होती. कधी साखर जास्त पडायची, कधी नुसता कडक, कोरा. तिला वाटायचं, विसरभोळेपणा. की खरोखरच विसरभोळेपणा होता? आता विचारायचं कुणाला? आणि एवढं कळत होतं तर तोंडाने का नाही… पोरीला सांगितलंत, मला नाही. मी काय फरशीशी बोलत बसायचं होतं, बाबा?

राग आला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो नीट पेलवेना.

लेक कपडे बदलायला निघून गेली. आता निघायला हवं होतं. ती उठली, अनवाणीच खोलीतून बाहेरच्या दाराकडे चालू लागली, आणि निम्म्यात तिला आपलंच पाऊल ऐकू आलं. ती थबकली. पुन्हा एक टाकलं, हलकेच… दमलेलं होतं ते, की भांडणाचं? तिचं तिला ओळखता येईना.