प्यादेमात

"आज हरून या," असं म्हाळसानं नवऱ्याला, काशाप्पाला, दोनदा बजावलं होतं. निजामी गेली, तरी मंठाळच्या गायरानाची हद्द अजून महसुलाच्या गिरदावराच्या दौतीतच होती, आणि धनगरांची मेंढरं त्याच गायरानावर जगत होती. गिरदावर गुंडेराव मोजणी लिहायला चावडीत आला होता. लिहिण्याआधी बुद्धिबळाचा एक डाव, हा त्याचा शौक.

काशाप्पानं हरायचं मनावर घेतलं. वजीर घालवला, मागोमाग दोन्ही हत्ती. गुंडेराव खुशीत आला. पानाला चुना लावत म्हणाला, "नुसती मेंढरं हाकून डोकं चालत न्हाई, काशाप्पा."

काशाप्पाचे कान तापले. त्यानं पटाकडं नीट पाहिलं आणि घोडा उडवून शह दिला. गुंडेरावाचा राजा कोपऱ्यात सरकला. तिथं शेजारी त्याचाच घोडा, पुढं त्याचंच प्यादं. हलायला जागा उरली न्हाई. अजूनही हात आवरता आला असता. पण प्याद्यानं केलेली मात जन्मात एखाद्यालाच साधते. काशाप्पानं उंटाच्या जोरावर आपलं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

चावडीत कुणी वाहवा केली न्हाई. प्यादेमात झालेल्याचं तोंड बघू नये, अशी तिथली रीत. सगळे माना खाली घालून बसले.

गुंडेरावानं सोंगट्या सावकाश डब्यात भरल्या, दौत पुढं ओढली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमचं गायरान कुठवर हाय म्हणालास, काशाप्पा?"