आठ पदरांतल्या बिया

शिवणाच्या खोलीत पाऊल टाकताच काकू थबकल्या. टेबलावर अस्तराचं कापड, आठ पदरी, सुबक घडी घातलेलं. शेजारी तापलेली इस्त्री.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"चुरगळलेलं पडलं होतं खिडकीत," काका खुशीत म्हणाले. "दिसलं कापड की हात शिवशिवतात."

"त्यावर बिया चिकटल्या होत्या!"

"बिया? मला वाटलं कापडावरच्या नक्षीच्या बुट्ट्या आहेत!"

काकूंना हसू की रडू कळेना. पट्टेरी टोमॅटोचं ते वाण त्यांच्या आईने दिलेलं. बाजारात कुठेच मिळत नव्हतं. यंदा कीड लागून एकच फळ हाती आलं. त्याच्या बिया गरासकट दोन दिवस आंबवून, धुऊन त्यांनी अस्तरावर वाळत घातल्या होत्या. त्या गेल्या तर सगळंच संपलं.

पण काकू हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"नीट आठवून सांगा. आधी इस्त्री, की आधी घडी?"

"आधी घडी. मग वरून एकदाच फिरवली. का गं?"

"म्हणजे चटका वरच्या पदराला! खालपर्यंत पोचलाच नसेल!"

त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी वरच्या पदरावरच्या दहा बिया नखाने सोडवल्या, अगदी खालच्या दहा वेगळ्या काढल्या. दोन डब्या, दोन ओली फडकी. झाकणांवर खडूने "वर" आणि "खाली". डब्या शिलाई यंत्राच्या दिव्याजवळ, उबेला.

मग काकूंना चैन पडेना. शिवताना दर दोन काजं झाली की एक झाकण उघडायचं.

"अगं, बघून बघून लाजतील त्या," काका म्हणायचे आणि काकू वळल्या की स्वतःच डोकावायचे.

पाचव्या दिवशी दुपारी काकांचीच आरोळी आली. "धाव! शेपूट फुटलंय!"

काकू कात्री हातात घेऊनच धावल्या. "खाली"च्या डबीत एका बीतून पांढरंशुभ्र मूळ डोकावत होतं. हे दुसरं! तिसरीचं टरफल तडकलेलं! आठव्या दिवशी मोजलं, तर दहापैकी नऊ. "वर"च्या डबीत मात्र एकही नाही.

"वाचलं हो वाण!" काकूंनी काकांचा हात गच्च धरला.

खालच्या पदरांवरच्या सगळ्या बिया पाकिटात गेल्या. वाण, वर्ष, सगळं काकांनीच लिहिलं. शेवटी जाड अक्षरांत एक ओळ जोडली: "या बुट्ट्या नाहीत."