काच धूसर, यंत्र चालू

"बारक्या, काचा पांढऱ्या का रे दिसतायत?"

दादाने गाडी खिडकीपाशी नेऊन अगदी नाकाला लागेल इतकी जवळ धरली होती. वीतभरही लांब नाही, हिरवं अंग, सायीच्या रंगाचं छप्पर. सत्तावीस वर्षं त्याने चालवलेली टॅक्सी मी चोवीस पटींनी लहान करून त्याच्या हातात दिली होती. पाच महिने खपलो होतो त्यासाठी.

"हिरवा झकास जमलाय," तो म्हणाला. "पण आतलं काहीच दिसत नाही. का हे माझ्या डोळ्यांचंच?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. गोंद चुकला माझा. पण छप्पन्न वर्षांचा माणूस मी, चाळीस वर्षं असल्या छोट्या गाड्या करतोय, आणि थोरल्या भावासमोर कच्चं लिंबू ठरणं माझ्या जिवावर आलं.

"डोळ्यांचंच असेल," मी म्हणालो. "काचा तर आरपार आहेत."

"असं होय," दादा म्हणाला आणि त्याने गाडी जपून टेबलावर ठेवली. वहिनी बाजारात गेल्या होत्या हे माझं नशीब. त्या यायच्या आत मी गाडी खोक्यात घातली, थोडं काम राहिलंय असं पुटपुटलो आणि तिथून सटकलो.

मी पाणी खात्याच्या कार्यशाळेत मीटर दुरुस्त करतो. येणाऱ्या प्रत्येक मीटरला चिठ्ठी बांधायची असते आणि तिच्यावरचे शेरे ठरलेले असतात. 'काच ठीक, यंत्र बंद' म्हणजे मीटर भंगारात. 'काच धूसर, यंत्र चालू' म्हणजे आत वाफ धरलीय, पण चाकं फिरतायत. काच बदला आणि परत पाठवा. दादाला हे शेरे फार आवडायचे. टॅक्सी स्टँडवर तो ते वाटत सुटायचा. कुणाला चष्मा लागला की काच धूसर, कुणी जेवून डुलक्या काढायला लागला की यंत्र बंद. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला त्या दिवशी त्याने मला फोन केला आणि पहिलं वाक्य हेच ऐकवलं. "बारक्या, काच धूसर, यंत्र चालू. पण ही काच म्हणे बदलून मिळत नाही."

मिळत नाहीच. गेलेली नजर गेली, उरलेली थेंबांवर टिकवायची. दिवसातून तीनदा थेंब, एकही वेळ चुकवायची नाही. दादाने टॅक्सी विकली आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला. तेव्हाच त्याने मला ही कामगिरी सोपवली.

"माझी गाडी कर एक. नजर आहे तोवर बघून घेईन म्हणतो. पण आतून नीट कर हं. बाहेरून काय, गाडी सगळं गाव बघतं. ड्रायव्हरची गाडी आतून असते."

"वेळ लागेल, दादा."

"लागू दे. तू डोळ्यांत तेल घालून कर, मी डोळ्यांत औषध घालून वाट बघतो."

मी खरोखरच डोळ्यांत तेल घालून केली. दुकानातल्या तयार खोक्यातून येतो तो गाडीचा नुसता सांगाडा. त्याचं नाक कापलं, अंग लांब केलं, सांध्यांत लांबी भरली, ती कोरडी झाली की पॉलिश पेपरने घासली, रंगाचे सात हात दिले. पण खरा जीव ओतला तो आत. दादाच्या सीटवर लाकडी मण्यांचं आसन असायचं. ते मी खसखशीच्या दाण्यांचं केलं, सुईच्या टोकाने एकेक दाणा चिकटवून. "खसखस डब्यातून कुठे जाते ते आज कळलं," असं बायको म्हणाली, पण तिनेच मला दिवा जवळ धरून दिला. स्टिअरिंग एका जागी तडकलं होतं म्हणून दादाने त्याला दोरा गुंडाळला होता, मीही गुंडाळला. गिअरच्या दांड्याला निळी गोटी होती. तिथे निळ्या डोक्याची टाचणी खोचली.

मग काचा. काचा नेहमी साध्या पांढऱ्या गोंदाने बसवायच्या. लावताना तो दुधासारखा दिसतो, पण सकाळपर्यंत स्वच्छ होतो. तो झटपट चिकटणारा गोंद असतो ना, तो दिसायला पाण्यासारखा, पण त्याची वाफ बंद जागेत कोंडली की काचेवर पांढरा थर धरते आणि मग काही केल्या जात नाही. या छंदात हे पहिल्या महिन्यात कळतं. मला कळून चाळीस वर्षं झाली होती. पण शनिवारी संध्याकाळी मागची काच निसटली, आणि मी दादाला फोनवर सांगून बसलो होतो की उद्या आणतो. झटपट गोंदाचे दोन थेंब लावले, वरचं अंग तळाला कायमचं चिकटवलं आणि गाडी खोक्यात ठेवून झाकण लावलं. सकाळी बघतो तर सगळ्या काचा आतून पिठासारख्या.

मी ती तशीच नेली. वाटलं, दादाला तेवढं कुठे दिसणार आहे. हे लिहिताना आजही मला स्वतःची किळस येते.

त्यानंतर सात आठवडे मी त्याच्याकडे फिरकलो नाही. काचा नव्या करीन आणि मगच तोंड दाखवीन, असं ठरवलं होतं. बारीक करवतीने गाडी तळापासून सोडवली. शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नव्या काचा कापल्या, दात घासायच्या पेस्टने चकचकीत केल्या, पांढऱ्या गोंदाने बसवल्या आणि दोन दिवस उघड्यावर ठेवल्या. आयुष्यात इतक्या स्वच्छ काचा मी कधी केल्या नव्हत्या. खूश होऊन दादाला फोन लावणार, एवढ्यात कार्यशाळेत वहिनींचाच फोन आला.

"भाऊजी, यांनी थेंब बंद केलेत."

"कधीपासून?"

"तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून. मला वाटायचं घालतायत. काल बघते तर बाटली भरलेली. म्हणतात, काय उपयोग, बारक्याच्या गाडीच्या आरपार काचा मला पांढऱ्या दिसल्या, आता संपलंच." वहिनींचा आवाज चिरकला. "उजवा डोळा गेला, भाऊजी. डाव्याने खिडकीपाशी रंग तेवढे कळतात. ते तरी राहावेत म्हणून थेंब हवेत, आणि हे ऐकत नाहीत."

समोर मीटर उघडा पडला होता. मी त्याचं एक चाक हातात धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. भावाचा डोळा गेला होता, आणि तो माझ्या फुकाच्या ऐटीपायी गेला होता.

रविवारी गेलो. दादाची दाढी वाढली होती. वहिनी थेंबांची बाटली हातात घेऊन खुर्चीच्या पलीकडे उभ्या होत्या. मी गाडी दादाच्या हातात दिली. त्याने ती डाव्या डोळ्याजवळ नेली, उजेडाकडे तिरकी केली.

"हिरवा दिसतो," तो म्हणाला. मग काचेवरून अंगठा फिरवला. "काचा पांढऱ्याच आहेत."

मी बसलो होतो तिथून गाडीच्या दोन्ही काचांतून पलीकडची बाटली स्पष्ट दिसत होती.

"दादा, मागच्या वेळी गोंद चुकला होता माझा. काचा खरंच पांढऱ्या झाल्या होत्या. तुझ्या डोळ्यांचं काही नव्हतं."

तो माझ्याकडे वळला. "आणि तू म्हणालास डोळ्यांचंच."

"लाज वाटली म्हणून म्हणालो."

"लाज वाटली." त्याने गाडी मांडीवर ठेवली. "आणि आज?"

"आजही तेच, दादा. घाई केली. पुन्हा तोच गोंद लावला."

"तू बघ गं," दादा वहिनींना म्हणाला. "हा बोलतो त्यावर माझा भरवसा नाही."

वहिनींनी गाडी उचलून डोळ्यांसमोर धरली. एका काचेतून त्यांनी आत पाहिलं, आणि दुसऱ्या काचेतून त्यांची नजर थेट माझ्यावर आली.

"पांढऱ्याच आहेत हो," त्या म्हणाल्या. "आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. काय हे भाऊजी, दुसऱ्यांदा?"

"चाळीस वर्षं करतोयस," दादाचा आवाज एकदम चढला, "आणि दोनदा तोच गोंद? गाढवा, तुला मीटरवाल्यांनी ठेवलाच कसा? घेऊन जा ती. काचा नीट लावून आण, मगच बघीन."

"चुकलं, दादा."

"चुकलं म्हणे." तो खुर्चीत मागे रेलला, मान वर केली. "आण गं ती बाटली."

त्याला आता साठ दिवस झाले. थेंब चालू आहेत, एकही वेळ चुकलेली नाही. दर रविवारी मी तीच गाडी खोक्यातून घेऊन जातो. दादा ती खिडकीपाशी धरतो, "हिरवा झकास, काचा मात्र पांढऱ्या," म्हणतो, मला मनसोक्त झापतो, आणि मी ती दुरुस्तीला म्हणून परत आणतो. घरी आणून मऊ फडक्याने पुसून ठेवतो. दुसरं काही करण्यासारखं तिच्यात नाही.

गेल्या रविवारी त्याने गाडी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, उजेडाकडे धरली, मग उलटी करून धरली.

"बारक्या," तो म्हणाला, "रंगही बिघडवलास का रे आता?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"हो, दादा," मी म्हणालो. "रंगही चुकला."

वहिनींनी बाटलीचं झाकण काढलं, आणि दादाने मान मागे टाकली.