चाळीस रेघांची येळवस

"चला… डावा… उजवा… चला," हा मायचा दबका, तालबद्ध आवाज आणि त्यामागून फरशीवर घासत येणारी दादांची पावलं. रेणापूरजवळच्या आमच्या घरात गेली तीन वर्षं सकाळ अशीच उजाडत होती. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या पार्किन्सन्सने आता सगळ्या देहाचा ताबा घेतला होता. गोळीची वेळ जरा चुकली की अंगाचं लाकूड व्हायचं. सदऱ्याच्या गुंड्या, कुस्करलेल्या भाकरीचा घास, रात्रीची कूस, सारं काही मायच्या दोन हातांवर. तिचा उजवा खांदा कायमचा उतरला होता आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारं तिचं हसू घरातून हद्दपार झालं होतं. कधी संतापून ती वाटी आपटायची, मग त्या संतापाचीच लाज वाटून मुकाट्याने फरशी पुसत बसायची. मी नांदेडला शिक्षिका, सुट्टीपुरती उगवणारी लेक; ते पाहून मला अपराधी वाटायचं, आणि सुट्टी संपली की सुटल्यासारखंही वाटायचं.

पण त्या मार्गशीर्षात अवसेच्या चार दिवस आधी तिने जाहीरच करून टाकलं, की औंदा येळवशीला ती रानात जाणार, आणि दादांना घेऊन जाणार. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी आमच्याकडे गावंच्या गावं ओस पडतात. जो तो आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे छोट्या खोपटापुढे, मिसळ भाज्यांची भज्जी नि बाजरीचे उंडे खायला आणि आंबील प्यायला. तीन वर्षं माय त्या ओस गावात दादांच्या उशाशी बसून होती. माझा भाऊ म्हणाला, जीप बांधापर्यंतच जाते, पुढं ढेकळांतून चालणं त्यांना व्हायचं नाही, आपण उचलून नेऊ. दादांचा आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता, तरी ते शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"मेल्यावर उचला."

ते नाहीत तर माय नाही, हे न सांगता कळत होतं. तिने आंबिलीसाठी काढलेला नवा माठ गपचूप फडताळात परत ठेवला.

अवसेच्या सकाळी मी घोडचूक केली. सणाचा उत्साह, दुसरं काय! दादा उंबऱ्यापाशी हमखास थिजतात हे ठाऊक असूनही मी नेमकी त्यांच्या वाटेत, दाराला आडवी, रांगोळीची पांढरीशुभ्र रेघ ओढून ठेवली. माय त्यांना धरून आली आणि माझ्यावर कडाडली, की आधीच पाय उचलंना झालाय त्यांचा, तुला हीच जागा घावली का. मी पुसायला वाकले आणि, अहो, काय सांगू तुम्हाला! रांगोळीवर पाय पडला म्हणून आम्हा पोरांना जन्मभर दटावणाऱ्या त्या माणसाने गुडघ्यातून पाय उचलला, रेघेपलीकडे अलगद टेकवला, मग दुसरा. दादा ओसरीत उभे होते.

मायने माझ्या हातातला डबा हिसकावलाच. एका पावलावर दुसरी रेघ ओढली, ओलांडली. तिसरी, ओलांडली! अंगणभर ती पुढे आणि दादा मागे. पुढे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांसमोर रेघ असली की कधीकधी थिजलेलं पाऊल असं सुटतं. असेल. माय मात्र आजही म्हणते, त्यांचं वळणच तसं व्हतं. माठ खाली आला, शेजारणीकडून आंबील आली, आणि आम्ही निघालो.

मार्गशीर्षाचं ते कोवळं, केशरी ऊन, निसवू लागलेली ज्वारी, घाट्यांवर आलेला हरभरा, आणि काळ्या मातीवर पाठ वाकवून, पाठमोरी न होता उलट्या पावलांनी सरकत, चिमटीतून शुभ्र रेघ सोडत जाणारी माझी माय! बांधापासून कोपीपर्यंत चाळीस रेघा झाल्या. आजूबाजूच्या रानांतली माणसं हातातला घास तसाच धरून उभी राहिली. शेवटाला रांगोळी संपली, तेव्हा तिने कडब्याची धाटं आडवी टाकली; आपल्या रानात पिकलेल्या त्या धाटांवरही दादांनी पाय दिला नाही. कोपीशी पोचल्यावर माय हसली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. मला रडू आवरेना.

जेवण झालं आणि ती बसल्या जागी कलंडली. जरीचं लुगडं, हाताला रांगोळी, आणि गाढ, निःशंक झोप. गोळीची वेळ झाली म्हणून मी तिला उठवायला निघाले, तर दादांनी माझं मनगट धरलं.

"झोपू दे तिला."

गोळी मीच दिली. उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती. दादांनी मोठ्या कष्टाने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या चेहऱ्यावर आड धरली. हात थरथरत होता, टोपी थरथरत होती, पण तासभर त्यांनी ती खाली घेतली नाही.

दादांना जाऊन दोन येळवशी झाल्या. काळ माणसाचा आवाज नेतो, चालही पुसून टाकतो. पण मायच्या मिटल्या डोळ्यांवरची ती हलती सावली त्याला अजून नेता आलेली नाही.