सगुणेच्या डाव्या पायाचा बूट

मी बूट बोलतोय. एकटाच, डाव्या पायाचा. बुटाला जीभ असते हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण ती बोलण्यासाठी नसते. नाडीचा काच पायाला लागू नये एवढ्यासाठी शिवलेली असते. माझी तर आता अर्धी झिजून गेली आहे. उरली आहे तेवढ्यात सांगतो. दम लागला तर मध्ये थांबेन.

मी आता रत्नागिरीकडचा, पण माझा जन्म इथला नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग नावाचं मोठं बंदर आहे, तिथला. हिवाळ्यात तिथली तळी गोठून दगडासारखी होतात. मग माणसं बुटाच्या तळाला पोलादी पातं बसवून त्या बर्फावरून घसरत जातात, गिरक्या घेतात, एका पायावर तोल धरून बर्फावर वर्तुळं कोरतात. सगळं हौसेनं. मी आणि माझा उजवा भाऊ, आम्ही दोघं त्या हौसेसाठी शिवले गेलो.

असल्या बुटाचं सगळं काम मापावर चालतं. टाच आत घट्ट बसली पाहिजे, जराही उचलता कामा नये. घोटा दोन्ही अंगांनी धरलेला हवा. बोटं पुढं नुसती टेकावीत, दुमडू नयेत. ज्या म्हाताऱ्यानं आम्हांला शिवलं त्यानं हे सारं हाना नावाच्या मुलीच्या आईला नीट समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीचा पाय वाढता आहे. जरा मोठेच करा."

झालं. पहिल्या हिवाळ्यात हानाचा पाय माझ्यात डुगडुगायचा. ती लोकर कोंबायची, नाड्या आवळायची, आणि तरी धाडकन पडायची. वडील तिच्यावर ओरडायचे, माझ्यावर नाही. शेवटच्या हिवाळ्यात मी इतका तंग झालो की तिच्या टाचेला फोड आले. मधल्या हिवाळ्यात थोडे दिवस मात्र आम्ही एकमेकांना बरोबर बसलो होतो. त्या दिवसांत तिनं खाली न बघता एक अख्खं वर्तुळ कोरलं आणि स्वतःशीच हसली. बस्स, तेवढंच. पुढं आम्ही बंदराजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो.

तिथं आम्हांला दत्तारामानं उचललं. दत्ताराम रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा. आगबोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालायचं काम करायचा. त्याच्याबरोबर त्याच्याच गावचा धाकू होता. दत्तारामानं मला हातात घेतलं, घोट्याशी दाबून पाहिलं, आणि कमरेच्या चंचीतून गाठी मारलेली एक सुतळी काढून माझ्या तळाला लावली.

"धाकू, ह्ये बग," तो म्हणाला. "ह्या पात्यावर मानूस हुबा ऱ्हातो नि त्याचा पाय मुरगळत नाय. मग आमच्या सगुणेचा सपाट भुईवर कशाला मुरगळंल?"

धाकू खो खो हसला. "अरे, ती काय बर्फावर उभी ऱ्हाऊन मासं इकनार हाय?"

सगुणा ही दत्तारामाची बायको. आदल्या वर्षी खडकावर कालवं काढताना तिचा पाय कपारीत अडकला आणि घोटा मोडला. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून भार दिला की डावा पाय आतल्या अंगाला कलंडायचा. मुंबईहून तिच्यासाठी चपला घ्याव्यात म्हणून दत्तारामानं तिच्या पायाचं माप सुतळीवर घेऊन ठेवलं होतं. मी सुतळीला तंतोतंत उतरलो. पण सुतळीनं लांबी कळते, रुंदी कळत नाही. ही गोष्ट त्या भल्या माणसाच्या ध्यानात आली नाही.

रत्नागिरीच्या भगवती बंदराला आम्ही पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उतरलो तेव्हा माझं चामडं उकाड्यानं घामेजलं होतं. मिऱ्याच्या घरी दत्तारामाच्या आईनं, ठमाबाईनं, आम्हांला लांबूनच पाहिलं.

"माज्या पोरानं परमुलखातनं काय आणलान, तर चामडं! घरात नको हां ता. भायेर टांग."

आम्ही बाहेर वाशाला टांगले गेलो. लोहारानं आमची पाती काढली. चांगलं पोलाद बघून ठमाबाईनं त्यातल्या एकाची विळी करून घेतली, आणि हानाच्या गिरक्यांचं पातं मिऱ्यावर बांगडे चिरू लागलं.

सगुणेनं मला पहिल्यांदा पायात घातलं तो दिवस आठवला की अजून माझी शिवण आखडते. जन्मभर अनवाणी चाललेला पाय तो. बोटं पंख्यासारखी पसरलेली, चवडा रुंद, टाच मात्र लहान. पुढं ती चेंगरली आणि मागं तिची टाच मोकळी राहिली. जिथं धरायला हवं तिथं मी सुटलो, आणि जिथं सोडायला हवं तिथं धरलं. तिनं दोन पावलं टाकली, भिंत धरली आणि खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, पण नवऱ्यासमोर म्हणाली, "बरा हाय. सवय होईल."

दत्ताराम पुन्हा बोटीवर जायच्या आधी शेजारची गोदूबाई ओट्यावर येऊन बसली. मी वाशाला होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"अंजनवेलला माज्या भावाची पोर हाय," ती म्हणाली. "हातीपायी धड. ठमाबाय आता थकली. तिच्या डोकीवरची माशांची पाटी कोन घेनार? ह्या लंगडीच्यान काय होनार नाय."

ठमाबाईनं दत्तारामाकडं पाहिलं. दत्तारामानं हातातली विडी संपवली. मग म्हणाला, "फुडच्या फेरीला बगू."

तो 'नको' म्हणाला नाही. चुलीपुढं बसलेल्या सगुणेनंही ते ऐकलं. त्या दिवशी तिच्या तव्यावरची भाकरी करपली.

दत्ताराम गेला, आणि सगुणेनं मला वाशावरून काढलं. काठी टेकत, थांबत, बसत ती रत्नागिरीत रावजी चांभाराकडं गेली. रावजी कमी बोलणारा माणूस. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं, मग तिचा पाय पाहिला.

"पाय काय बुटाचा व्हनार नाय, बाय," तो म्हणाला. "बुटालाच पायाचा करूया."

त्यानं भुईवर तिचं पाऊल ठेवायला लावून कोळशानं रेघ ओढली. त्या रेघेवरून लाकडाचा साचा तासला, आणि वाकड्या हाडाचं टेंगूळ होतं तिथं साच्यालाही टेंगूळ ठेवलं. मग रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, घेऊन मला चवड्यापाशी उभा चिरला. खोटं कशाला सांगू, मला फार लागलं. हॅम्बुर्गच्या त्या म्हाताऱ्याची शिवण होती ती. चिरलेल्या जागी रावजीनं शेळीच्या मऊ चामड्याची पट्टी जोडली, उंच टाच कापून टाकली, आणि आत मागच्या बाजूला गादी बसवली.

तेवढ्यानं भागलं नाही. सगुणा पुन्हा पुन्हा यायची. कधी करंगळी सोलवटलेली, कधी घोट्याखाली रक्त.

"कुठं लागतं?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हंजे मना काय कळनार? बोट ठेव."

ती बोट ठेवायची. रावजी तिथं ओलं करून ठोकायचा, ताणायचा, कधी एखादा टाका उसवायचा. दुखतं कुठं ते नेमकं सांगायला माणसाला शिकावं लागतं, हे मी त्या दुकानात पाहिलं. आधी ती नुसती रडायची. मग हळूहळू सांगू लागली: इथं नाही, ह्याच्या जरा मागं.

एका सकाळी तिनं मला घातलं आणि नाडी ओढली. टाच माझ्यात टेकली ती टेकलीच. बोटांना जागा मिळाली. वाकडं हाड त्याच्या खळग्यात बसलं. मी घोट्याला दोन्ही अंगांनी धरलं. तिनं काठी भिंतीला लावली आणि समोरच्या विहिरीपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा रावजीनं विचारलं, "आता?"

"आता ठाव लागत नाय की पायात काय हाय."

बुटाची ह्याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पण पायाला बसलो म्हणजे गावाला बसलो असं नव्हे. एका पायात काळपट बूट, दुसरा पाय अनवाणी, डोक्यावर माशांची पाटी, अशी सगुणा सासूमागोमाग बाजारात निघाली तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावले. "ह्या बगा, सगुणा मडमीण झाली!" पहिले काही दिवस तर ठमाबाईसुद्धा तिच्यापासून अंतर ठेवून चालायची. एका गिऱ्हाईक बाईनं तोंड फिरवलं. म्हणाली, "चामडं घालून आलेलीच्या हातचं नको मला."

 सगुणा पाटी उचलून वळणार, तेवढ्यात ठमाबाई पुढं झाली. मला घराबाहेर टांगायला सांगणारी हीच.

"बाय, पाय बगू नको, बांगडं बग," ती म्हणाली. "पायानं कोन बांगडं देत नाय. माजी सून तीन कोस चालून आली हाय. घेनार तर घे, नायतर वाट सोड."

बाईनं घेतले. त्या दिवशी घरी येताना ठमाबाईनं आपली पाटीही सुनेच्या डोक्यावर दिली आणि स्वतः हात हलवत चालली. कित्येक वर्षांत ती अशी चालली नसेल.

दत्ताराम परतला तेव्हा सगुणा बंदरावर उभी होती. पडावातून उतरताना त्यानं तिला बायांच्या घोळक्यात शोधलं, आणि ती पाटी घेऊन सरळ उभी दिसली तशी त्याची नजर आधी माझ्यावर आली.

"बसला?" त्यानं विचारलं.

"बसवला," ती म्हणाली.

संध्याकाळी गोदूबाई अंजनवेलच्या पोरीचा विषय काढायला आलीच. ठमाबाई विळीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोरीला दुसरं स्थळ बग गो. आमच्यात जागा नाय." दत्ताराम खाली बघून हसला. सगुणा हसली नाही. त्याचं ते 'बगू' ती विसरली असेल असं मला वाटत नाही. पण तिनं त्याला जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला पायात घालून बाजाराला निघाली.

त्यानंतर वर्षं गेली. ती कशी गेली ते माझ्या अंगावर बघा. खारं पाणी, माशांचं पाणी, कातळाची धग, लाल चिखल. चामड्याचा मीठ हा मोठा वैरी. मी फुटायचो, रावजी जोडायचा. जोडायला चामडं लागायचं, ते माझ्या भावाचं. तो वाशाला तसाच बिनवापराचा लटकत होता. रावजीनं आधी त्याची जीभ घेतली, मग घोट्याचं चामडं, मग तळ. प्रत्येक खेपेला तो थोडा कमी व्हायचा आणि मी थोडा टिकायचो. शेवटी वाशाला नुसता दोर राहिला. आज माझ्यात निम्मा तो आहे. कुठं मी संपतो आणि कुठं तो लागतो, ते मलाच सांगता येत नाही.

ठमाबाई गेली. दत्तारामाच्या छातीत कोळसा बसला. तो आता घरी जाळी विणतो आणि खोकतो. सगुणेचे केस पांढरे होऊ लागले, तरी पाटी सुटली नाही. आणि मी? मी फार थकलो. पावसात फुगलो की उन्हात आखडतो, घोट्याला धरायचं म्हणतो आणि धरवत नाही. आज सकाळी बाजाराच्या उतारावर मी कलंडलो, माझ्याबरोबर तीही. उठून ती मला रागावली नाही. चिखल पुसला आणि तशीच रावजीकडं घेऊन आली.

रावजीही म्हातारा झाला आहे. त्यानं मला डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "आता टाका धरनार नाय," तो म्हणाला. "नवा करतो. पन साचा वाळवीनं खाल्लान. ह्यालाच उसवून तुकडं नव्या चामड्यावर ठेवीन आनि त्याबरहुकूम कापीन. तुज्या पायाचं माप दुसरं कुठं ऱ्हायलंय?"

 सगुणा बाजूला बसली. "हळू उसव," एवढंच म्हणाली.

"त्याला काय दुखतं काय गो?"



दुखत नाही, सगुणाबाई. रापीचं टोक एकेक टाका उचलतं आहे आणि इतक्या वर्षांचा ताण एकेका टाक्यातून सुटतो आहे. शेळीची पट्टी निघाली. भावाचं चामडं निघालं. आता घोट्याकडची शिवण राहिली आहे, तुझं वाकडं हाड जिथं टेकायचं तिथली.

वाचकहो, तुमच्यापाशी एकच मागणं आहे. हिचा नवा बूट पहिले काही दिवस तिला चावेल. तो घालून लंगडताना ती बाजारात दिसली, तर हसू नका. जरा वाट द्या. त्याला अजून सगळं शिकायचं आहे.