पिठाच्या खोलीतली निळी वडी

मित्रांनो, हे लिहायचं मी जवळजवळ टाळलंच होतं. उंदराच्या पिंजऱ्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दुपारी काय झालं ते बघणारे आम्ही तिघेच. एक उंदीर, तो सांगणार नाही. एक ठमी, बेकरीवाल्याची रांगती पोर, तिला अजून बोलता येत नाही. उरलो मी.

मी एक जुना तारेचा पिंजरा आहे. मला बनवणाऱ्या कारागिराने झडप ओढून बघितली, ती त्याच्याच बोटावर बसली. त्याने मला एक सणसणीत शिवी हासडली आणि खूश होऊन विकायला ठेवलं. तिथून मी या बेकरीत आलो. पुढे दुकान, मागे भट्टी, भट्टीला लागून पिठाची खोली.

सुरुवातीला माझा काय थाट होता! सकाळी मालक मला उचलून ओरडायचा, "अगं, सापडला बघ!" आणि मालकीण लांबूनच म्हणायची, "मला नका दाखवू, बाहेर न्या आधी." मग उंदीर संपले. उंदीर नाहीत म्हटल्यावर पिंजऱ्याला कोण विचारतो? मी माळ्यावर गेलो. तारा गंजल्या, आत कोळ्याने घर केलं.

मला खाली उतरवलं ते खानावळवाल्याने. बेकरीचे निम्मे पाव तो एकटाच न्यायचा. एक दिवस तो आला आणि एक पाव गल्ल्यावर आपटला.

"हे काय?"

"कोपरा तुटला असेल, नेताना..."

"तुटलेल्या कोपऱ्याला दात असतात होय रे? माझ्याकडे माणसं जेवतात. परत असं दिसलं तर मी पाव दुसरीकडून घेणार."

मालकाच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने घाईघाईत मला काढलं, साधं पुसलंसुद्धा नाही, आत पावाचा तुकडा अडकवला आणि पोत्यांशेजारी ठेवून दिलं. वर बाजारातून उंदरांच्या विषाच्या निळ्या वड्या आणल्या आणि पोत्यांच्या मागे टाकल्या. सुट्ट्याच.

"अहो, ठमी रांगते आता," मालकीण म्हणाली. "असं उघड्यावर काय टाकताय?"

"उघड्यावर कुठे? तिथे तुझा हात पोचत नाही, तिचा कुठून पोचणार?"

"माझा पोचत नाही कारण मी जाडी झालेय."

"मी कुठे तसं म्हणालो?"

"मनात म्हणालात."

दोघं हसली. विषय तिथेच राहिला.

मित्रांनो, उंदीर फार संशयी. खोलीत नवीन काही दिसलं की तो त्याच्या वाटेलाच जात नाही. माझ्याभोवती फिरला, मिशा हलवल्या, चालता झाला. शिवाय त्याला खाणं ओढून न्यायची खोड. विषाच्या वडीलाही त्याने तेच केलं.

त्या दुपारी मालक पाव पोचवायला गेला होता. ठमी दाराशी चटईवर झोपली होती. उंदीर पोत्यामागून निघाला, तोंडात निळी वडी. खोलीच्या मध्यावर आला, तेवढ्यात दुकानात कुणाच्या तरी चपला वाजल्या. वडी टाकून तो पसार झाला.

पांढऱ्या पिठात ती निळी वडी. लांबूनही डोळ्यात भरत होती.

ठमी जागी झाली. रडली असती तर बरं झालं असतं! पण नाही. इकडेतिकडे बघितलं, आणि निघाली की हात टेकत, सरळ वडीकडे.

मी तार आहे हो. मला ना हात, ना तोंड. दुकानातून मालकिणीचा आवाज येत होता, "दोन देऊ की चार? कालचे नाहीत हो, आत्ताच काढलेत." गिऱ्हाईक बोलायला लागलं, ते थांबेचना. इकडे ठमीने वडी उचलली. उलटीसुलटी करून बघितली. मग उभं राहायला म्हणून शेजारच्या, जवळजवळ रिकाम्या पोत्याला धरलं. पोतं सरकलं, मला घासलं. झडप धरून ठेवणारा माझा गंजका आकडा जेमतेम अडकलेला होता.

खट्ट!

तो धक्क्याने सुटला की मी सोडला, मला आजही सांगता येत नाही. तो सुटावा म्हणून मी जीव तोडून धडपडत होतो, एवढं खरं.

"सापडला वाटतं!" म्हणत मालकीण धावत आली. आधी माझ्यावरच वाकली. "मेला, रिकामाच पडला," म्हणाली आणि वळली.

मित्रांनो, ती वळली तेव्हा माझ्यात प्राण उरला नव्हता.

पण वळतानाच तिला पोत्याआड ठमी दिसली. मूठ तोंडाशी. मालकीण ओरडली नाही. तिने मूठ धरली, एकेक बोट उघडलं, तोंडात बोट घालून बघितलं, तोंड धुतलं. वडी कागदात गुंडाळली आणि पोरीला छातीशी धरून डॉक्टरकडे पळाली. दुकान उघडंच. त्या बोलक्या गिऱ्हाइकाने राखण केली बिचाऱ्याने.

संध्याकाळी तिघं परत आली. ठमीने वडी नुसती ओठाला लावली होती, पोटात काही गेलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मालक पोत्यावर बसून राहिला.

"हात पोचणार नाही म्हणालो होतो मी."

"उंदराचा पोचला," मालकीण म्हणाली. "आता रडू नका. पोती हलवा."

सगळ्या वड्या शोधून काढल्या. पोत्यांमागे, भिंतीतून पाइप जातो तिथे, मुठीएवढं भोक निघालं. मालक लगेच सिमेंट कालवायला निघाला.

"थांबा! तो आत असताना भोक बुजवलंत तर आतच राहील आणि सगळं कुरतडेल."

मग मला गरम पाण्याने धुतलं. आकड्याला तेल लावलं. आणि गंमत म्हणजे, माझी झडप दोरीने बांधून उघडीच ठेवली! उंदीर आला, आतला पाव खाऊन गेला. परत आला. सरावला. मग दोरी सोडली, आणि पुढच्या खेपेला तो माझ्या आत होता. त्यानंतर भोक बुजलं, पोती फळ्यांवर भिंतीपासून लांब गेली, पाव झाकणाच्या डब्यात. खानावळवाल्याने स्वतः आत येऊन कोपरे बघितले आणि नेहमीएवढे पाव घेऊन गेला.

मित्रांनो, विष असं सुटं टाकू नका. भोक लहान असतानाच बघा. आणि आमच्यासारख्यांना अधूनमधून धुवा, तेल लावा, गंजू देऊ नका.

पाइपाभोवती सिमेंटमध्ये एक लोखंडी जाळी बसवली आहे. ती आता माझी मैत्रीण. नवी कोरी, पण भित्री. आज बाहेरून काहीतरी तिला खरवडत होतं, आणि इकडे ठमी धरून धरून उभी राहत होती.

"मी टिकले नाही तर?" जाळीने हळूच विचारलं.

मी म्हणालो, "तू घट्ट धरून ठेव. आणि सुटलीसच कधी, तर आत मी आहे. माझ्यापुढून ठमीपर्यंत कुणी जाणार नाही. शब्द देतो तुला."